टँक म्हणजे तलाव

१४ फेब्रुवारी १९४३, रविवार

गावाला टँक मिळणार — आणि हे आज चावडीत माझ्या तोंडून जाहीर झालं.

झालं असं. सकाळी नगरकडून मोटार आली. दोन गोरे, एक ओव्हरसियर, मोजणीच्या साखळ्या उचलणारी माणसं. ओढ्यापलीकडच्या माळावर दुपारपर्यंत हिंडले, तांबड्या झेंड्या रोवल्या. आबासाहेब पाटील त्यांच्या मागोमाग होते, पण इंग्रजी कुठून कळणार? गोरे एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, तेवढा पाटलांनी कानात धरून ठेवला. मोटार गेल्यावर मला, शाळेच्या बाईला, चावडीत बोलावणं आलं. बाईमाणसाला चावडीत बोलावण्याची ही पहिलीच वेळ असेल. पदर सारखा करून गेले.

"बाई, टँक म्हंजी काय वो?"

"तलाव," मी म्हटलं.

"नीट आठवून सांगा. तलावच का?"

"तलावच. पुस्तकात तसंच छापलंय."

खरंच छापलंय. अब्बांकडे मी इंग्रजी दोन पुस्तकं शिकले, त्यात शब्दार्थांत आहे: टँक — तलाव.

मग एक म्हातारा डोक्याचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवून नुसता बसून राहिला. या बोरखडीत होळी झाली की बाया ओढ्याच्या वाळूत झिरे उकरतात आणि वाटी-वाटीनं घागर भरतात. तलावासाठी पाटलांच्या वडलांपासून अर्ज चाललेत.

सगळ्यात जास्त झेंड्या छबूबाईच्या पट्टीत आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, तेवढी पट्टी आणि ओढ्याअलीकडची एक विहीर यावर तिचं चाललंय. विहीर माघातच आटते. पाटलांनी तिला विचारलं, तर म्हणाली, "जाऊ द्या माझी पट्टी. पान्याखाली गेली तर पानी तरी दिसंल."

संध्याकाळी तिनं घरोघर गूळ वाटला. मला तिनं स्वतःच्या हातानं भरवला.

१५ फेब्रुवारी, सोमवार

शाळेत सगळ्या मुली हजर. एकीनं पाटीवर तलाव काढला, त्यात कमळं. म्हटलं, कमळ कुठं पाहिलंस? म्हणाली, "न्हाई पाहिलं. आता येतीलच की."

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

ओव्हरसियर कागद घेऊन आला. ज्यांच्या ज्यांच्या जमिनीत झेंड्या होत्या त्या सगळ्यांनी अंगठे दिले — हसत हसत. तो बिचारा चक्रावला. म्हणाला, "इतक्या खुशीनं जमीन देणारं गाव मी पाहिलं नाही." त्याला चहा पाजला, नारळ दिला. पाण्यात कुजायला नको म्हणून छबूबाईनं बांधावरची बाभळ आजच तोडून घेतली.

अब्बा अजून भिंगारहून आले नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका डोळ्याच्या ऑपरेशननंतर आणखी दोन दिवस ठेवून घेतलंय, असा खालाचा, माझ्या मावशीचा, निरोप आला. त्यांना ही बातमी कधी सांगते असं झालंय.

२१ फेब्रुवारी, रविवार

अब्बा आले. डोळ्यांना फारसा फरक नाही. माणूस ओळखू येतो, अक्षर नाही. बसताबसताच मी सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत.

"कोण आले होते? पाटबंधाऱ्याचे?"

"नाही, पलटणीचे. खाकी कपडे, काळ्या टोप्या."

अब्बांनी चहाची बशी खाली ठेवली. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी भिंगारच्या कँपात गोऱ्या अंमलदारांना उर्दू शिकवलं, त्यांना पलटणीच्या टोप्या पाठ आहेत. (ते दखनीत बोलतात, मी इथं मराठीत उतरवते. माझं लिहिणं सगळं शाळेतलं, मराठीच येतं.) म्हणाले, "बेटी, काळ्या टोपीवाले तलाव खोदत नाहीत. त्यांचा टँक लोखंडाचा असतो. त्यावर तोफ असते."

मला कळेना. मग ते म्हणाले, "तू मला दर आठवड्याला पेपर वाचून दाखवतेस — आफ्रिकेच्या वाळवंटात असे असे रणगाडे लढले. त्या रणगाड्याला इंग्रजीत टँक म्हणतात."

रणगाडा! शंभरदा वाचला असेल हा शब्द. त्याला इंग्रजीत काय म्हणत असतील हे एकदाही मनात आलं नाही.

अब्बा म्हणाले, "जमीन त्यांनी घेतलीच असती. लढाईचा कायदा आहे. तुझ्या एका शब्दानं काही बदललं नसतं." पण गूळ वाटला नसता. बाभळ राहिली असती.

"तुम्ही सांगाल का पाटलांना?" मी विचारलं.

"शब्द तू दिलास. तूच जा."

२२ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. चावडीतच, सगळ्यांसमोर. पाटील म्हणाले, "म्हंजी तोफंच्या गाड्या फिरनार माळावर?" म्हटलं, हो. लढाई संपेपर्यंत.

"आन् पानी?"

"पाणी नाही."

कुणी मला वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. छबूबाई उठून गेली.

२४ फेब्रुवारी, बुधवार

शाळेत चारच मुली. बाकीच्यांच्या घरी काम निघालंय म्हणे.

२८ फेब्रुवारी, रविवार

मुली येत नाहीत. तपासनीस आले आणि त्यांनी हा पट पाहिला, तर शाळा बंदच करतील. इथली मुलींची शाळा अब्बांच्या हट्टानं मी घेतली — नगरमध्ये जागा मिळत होती. पण मला इथंच बरं वाटतं. सकाळचं ऊन खिडकीतून पाटीवर पडतं, मुली एका सुरात पाढे म्हणतात, दुपारी अब्बा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतात. सुखात आहे मी. होते.

अब्बांनी माझं मन दुसरीकडे वळवायला आज शब्दाची कुळकथा सांगितली. शब्द म्हटला की ते तरुण होतात.

म्हणाले, तू चुकलीस असं नाही. मुळात तूच बरोबर आहेस, पलटण नंतरची. आपल्याकडे किल्ल्यांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात — एक टाकं, दोन टाकी. गुजरातेतही तोच शब्द. किनाऱ्यावर फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, उतरले, त्यांच्या भाषेतही साठलेल्या पाण्याला जवळपास असाच एक शब्द होता. दोन्ही शब्द बंदरात एकमेकांना भेटले. कुणी म्हणतं इंग्रजांनी आपल्याकडून उचलला, कुणी म्हणतं फिरंग्यांकडून. विद्वानांचं अजून भांडण मिटलेलं नाही. मग इंग्रज हिंदुस्थानातल्या प्रत्येक तळ्याला टँक म्हणायला लागले. पुढे पाणी साठवायच्या लोखंडी पेटीला तेच नाव दिलं. तो शब्द टाकी होऊन पुन्हा आपल्या घराच्या छपरावर येऊन बसला.

"आणि तोफेची गाडी?"

"ती गेल्या लढाईतली गोष्ट. विलायतेत ती गाडी गुपचूप बनवत होते. कारखान्यातल्या माणसांनासुद्धा कळू द्यायचं नव्हतं. मग सांगितलं, पाण्याच्या टाक्या बनवतोय. वाळवंटातल्या फौजेसाठी. दिसायलाही तशीच, मोठी लोखंडी पेटी. गाडी लढाईवर गेली, गुपित फुटलं, नाव तेच राहिलं. मला एका मेजरनं सांगितलेलं. तो त्या लढाईत होता."

म्हणजे तिथल्या कामगारांनाही वाटलं होतं की पाणी येणार!

पहिल्यांदाच हसू आलं. अब्बा पण हसले. मग बराच वेळ आम्ही दोघं बसून आणखी शोधत होतो. दगडाला टाकी लावतात ती छिन्नी. संस्कृतात टंक म्हणजे छिन्नीच, अब्बांना एका शास्त्रीबुवांनी सांगितलेलं. छिन्नीनं खोदलं ते टाकं असेल. नाण्यावर छाप मारतात ती टांकसाळ. आणि मी आत्ता हातात धरलाय तो टाक.

५ मार्च, शुक्रवार

यंदा होळीच्या आधीच ओढ्यावर झिरे धरले. बायांची रांग असते. मी गेले की बोलणं थांबतं. घागर भरून येते.

१४ मार्च, रविवार

आज काहीतरी घडलं. नीट लिहून ठेवते.

सकाळी झिऱ्यावर गेले तर छबूबाई तिथं होती. वरच्या अंगाला पलटणीचा एक माणूस ओढ्याच्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोकत होता. माळावर जायला रणगाड्यांना ओढा ओलांडावा लागणार, त्यासाठी ओढ्यात मातीचा भराव घालून वर रस्ता करणार आहेत. काठावर सिमेंटचे मोठाले नळ आणून टाकलेत.

छबूबाईनं माझ्याकडे बघितलं नाही. त्या माणसाला विचारलं, "ही नळकांडी कशापायी?"

"मावशी, ओढ्याचं पानी जायला." आपल्यातलाच निघाला, मराठी बोलणारा.

"कुठं घालनार?"

"तळाला. सगळं पानी निघून जायाला पायजे ना."

"तळाला कशाला? वर घाल की. पुरुषभर वर. त्याच्या खालचं पानी माझ्याकडं ऱ्हाईल."

तो हसला. मग हसायचा थांबला. वाळूत बसून काठीनं रेघा ओढायला लागला. इथं भराव, इथं नळ, इथवर पाणी. नळ वर घेतले तर भराव म्हणजे बंधाराच. मीही घागर ठेवून बघायला वाकले. आम्ही तिघंही त्या वाळूतल्या चित्राकडे बघत होतो.

"पर ते नकाशात न्हाई," तो म्हणाला.

"नकाशा कुनी काढला?"

"साहेबानं."

"साहेब ह्या ओढ्याचं पानी पितो का?" छबूबाई म्हणाली आणि घागर उचलून गेली.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मी फिटर मानूस. साहेबाला मी सांगून ऐकायचा न्हाई. कोन सांगनार?"

कसं कोण जाणे, पण मी म्हटलं, "मी सांगते."

त्याचं नाव पीरमहंमद. देवळाली प्रवरेचा. पलटणीच्या आधी उसाच्या चरकांची दुरुस्ती करायचा. दुपारी अब्बांना सलाम करायला ओट्यावर आला होता.

१८ मार्च, गुरुवार

कॅप्टनसाहेब आले. पाटील, अब्बा, मी, आणि मागे निम्मं गाव. कॅप्टन पोरसवदा आहे, कानांपर्यंत भाजून लाल झालेला. उर्दू बोलतो, पण त्याची सगळी क्रियापदं पुल्लिंगी. मला म्हणाला, "आप बोलेगा?" अब्बांना ते सहन होईना, त्यांनी तिथल्या तिथं दुरुस्त केलं.

मी रात्रभर घोकलेलं इंग्रजी म्हटलं. "सर, यू आर मेकिंग रोड. प्लीज मेक टँक आल्सो."

"बट वुई हॅव टँक्स, मिस."

"नो, सर. युवर टँक इज आयर्न. अवर टँक इज वॉटर."

अब्बांनी मग त्याला गावाची सगळी हकिगत सांगितली, गुळासकट. तो मोठ्यानं हसला. गावातलं कुणीच हसलं नाही, तसा गप्प झाला. मग पीरमहंमदनं नळांचं समजावून दिलं. साहेबानं एकच अडचण काढली. पाण्याच्या दाबानं भराव वाहून गेला तर त्याचा रस्ता जाईल.

पाटील पुढे झाले. अब्बांना म्हणाले, "मुन्शीजी, सांगा त्याला. भरावाला आतून दगडी अस्तर आमी घालतो. सगळा गाव. त्याचं एक मानूस नको."

साहेब म्हणाला, वर विचारतो. वचन दिलं नाही.

२० मार्च, शनिवार

निरोप नाही.

२९ मार्च, सोमवार

परवानगी आली. आणली पीरमहंमदनं, भिंगारहून सायकलवर. चाकात काटा गेला म्हणून शेवटचा बराच रस्ता चालत. पाटलांकडे जायच्या आधी आमच्या ओट्यावर थांबला. अब्बा म्हणाले, आधी पाणी पी, मग सांग. तो म्हणाला, आधी सांगतो.

१८ एप्रिल, रविवार

हाताला फोड आलेत, म्हणून थोडकंच. सगळा गाव दगड वाहतोय. पुरुष फोडतात, बाया पाट्या भरून पोचवतात. शाळा सकाळची असल्यानं मीही दुपारी जाते. माझ्या मुली पण येतात — आणि सकाळी शाळेत पण येतात. कुणी काही ठरवलं नाही. एक आली, दुसरी आली, पट भरला.

रांगेत आज छबूबाई माझ्या शेजारी होती. ती मला दगड देत होती, मी पुढे. सगळी दुपार. एक शब्द नाही. पण एक दगड जड होता, तो तिनं मला दिला नाही. स्वतःच पुढे नेऊन ठेवला.

९ मे, रविवार

पीरमहंमद आता रविवारी अब्बांकडे शिकायला येतो. त्यांच्या यंत्रांचं इंग्रजी पुस्तक असतं. ते समजलं तर बढती आहे. अब्बांना अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचते आणि अब्बा अर्थ सांगतात. रणगाड्याच्या पोटात इतके भाग असतात! मला आता अर्धा रणगाडा पाठ झालाय.

त्याला अब्बांनी टँक या शब्दाची कुळकथा सांगितली. तो म्हणाला, आमच्या गुऱ्हाळात काकवी ठेवतात तिलाही टाकीच म्हणतात. लहानपणी एकदा मी तिच्यात पडलो होतो. अब्बांनी हसून हसून चष्मा पुसला.

३० मे, रविवार

भराव झाला. नळ पुरुषभर वर बसवलेत. वाळलेल्या ओढ्यात तो उगाच उभा राहिल्यासारखा दिसतो.

१५ जून, मंगळवार

रणगाडे आले. आधी जमीन हलली, फळीवरचे डबे वाजले. मुली वर्ग सोडून पळाल्या, मीही गेले. एकामागोमाग एक, भरावावरून धुरळा उडवत माळावर. तोंडात माती, कानात दडे. अब्बा ओट्याच्या भिंतीला तळहात लावून उभे होते. म्हणाले, असे कळतात मला.

पाटलांनी मला विचारलं, "बाई, हाच का तुमचा तलाव?" पण मिशीत हसत होते. मला इतकं बरं वाटलं.

माळावर गुरं नेता येत नाहीत, याचा त्रास आहेच. पूर्वेच्या डगरीकडे लांब न्यावी लागतात. ज्यांच्या पट्ट्या गेल्यात त्यांचे चेहरे रणगाडे गेल्यावर बघवत नाहीत. छबूबाईच्या पट्टीत रणगाड्यांच्या साखळ्यांचे खोल ओरखडे पडलेत.

११ जुलै, रविवार

पाऊस नावालाच. ओढ्याला पायाच्या घोट्याएवढं पाणी आलं आणि गेलं. भरावापाशी चिखल.

पीरमहंमद आले होते. आज पुस्तक वाचलंच नाही. अब्बांना झोप लागली, मग ते निघाले. जाता जाता सायकलीला हात लावून बराच वेळ उभे होते. मी विचारलं, काही राहिलं का? म्हणाले, न्हाई.

८ ऑगस्ट, रविवार

चहाला साखर नव्हती, गुळाचा केला. ते म्हणाले, देवळालीकडे सगळे असाच करतात. मला खोटं वाटलं. अब्बा म्हणाले, खोटं असेल पण चांगलं आहे.

२९ ऑगस्ट, रविवार

ते आले नाहीत. अब्बा दोनदा विचारत होते.

५ सप्टेंबर, रविवार

आज आले. मागच्या रविवारी कामावर थांबवून घेतलं होतं म्हणे. रोजे सुरू झालेत, म्हणून चहापाणी काही नाही, नुसतंच बसणं. पुस्तकाची शेवटची पानं राहिलीत. मी मुद्दाम हळू वाचते. हे इथं लिहिलं तर हरकत नाही, कुणी वाचत नाही.

१३ सप्टेंबर, सोमवार

काल दुपारपासून वरच्या गावांकडे पाऊस झाला. इथं आभाळ नुसतं काळं. ओढा सकाळी आला — गढूळ, काड्या-कुड्या घेऊन. सगळा गाव काठावर. पाणी भरावाला येऊन थडकलं, फिरलं, आणि चढायला लागलं. पाटलांनी अस्तरावर आडवं पडून दगडांना कान लावला. कुठं झिरपतंय का ते ऐकत होते. दुपार टळताना पाणी नळांच्या तोंडापाशी आलं आणि नळांतून धार पलीकडे पडली. भराव हलला नाही.

आणि छबूबाईनं लुगड्यासकट पाण्यात पाय घातला. कमरेपर्यंत गेली. तिथंच उभी राहिली.

अब्बांना हाताला धरून नेलं. म्हणाले, सांग, कसं दिसतं? मी म्हटलं, चहासारखं. मोठं. पलीकडचा काठ लांब आहे. ते म्हणाले, एवढं मलाही दिसतंय. खरंच दिसत होतं की नाही, माहीत नाही.

१९ सप्टेंबर, रविवार

गंमत अशी की तलाव कुणीच म्हणत नाही. सगळे टँकच म्हणतात. "टँकावर गेल्ती", "टँकावर म्हशी हायत." आणि त्या लोखंडाच्या गाड्यांना आता गाव रणगाडा म्हणतं. अब्बांना ओट्यावर पेपर वाचून दाखवते त्याचा परिणाम. दोन्ही शब्द आपापल्या जागी बसले. कॅप्टनसाहेबाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग आम्ही बोरखडीत परके झालो." उर्दू सुधारलंय त्याचं.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

रोजा सोडायची वेळ. मी खजूर काढत होते. दारात छबूबाई उभी. डोक्यावर घागर. फेब्रुवारीपासून तिनं आमच्या दारात पाऊल टाकलेलं नव्हतं.

"हिरीला पानी चढलंय," ती म्हणाली. "टँक भरला तसं खालून लागलंय. गोड हाय. म्हनलं, तुमचा उपास सुटायच्या टायमाला न्यावं."

अब्बांनी तिच्याच घागरीतल्या पाण्यानं रोजा सोडला. मीही. ती उंबऱ्याशी बसली. मी काहीतरी म्हणायला गेले, त्या दिवशीच्या शब्दाबद्दल. तिनं हातानं थांबवलं.

"तुमी तलाव म्हनला नसता तर मला नळकांडी वर घाला म्हनायचं सुचलं नसतं. डोक्यात पानीच हुतं ना माझ्या."

मग माझ्या फोडांचे वण बघायला हात उलटा करून घेतला. तिचे स्वतःचे त्याहून वाईट आहेत.

३ ऑक्टोबर, रविवार

परवा ईद झाली. शिरखुर्मा सगळ्या आळीला पुरला, साखर पाटलांनी कुठून तरी पैदा केली. पीरमहंमद नमाजानंतर भिंगारहून आले, नवी टोपी घालून. अब्बांच्या गळ्यात पडले. मला ईदमुबारक म्हणताना जमिनीकडे बघत होते. त्यांचं पुस्तक संपलंय, परीक्षा पास झालेत. आता रविवारी येण्याचं काही कारण नाही. तरी येणार म्हणाले.

१० ऑक्टोबर, रविवार

शाळेचा पट भरलेला. तपासनीस येऊन गेले, शेरा चांगला दिला. मुलींना घेऊन टँकावर गेले, काठावर पाढे म्हटले. पाण्यावर वारा होता. छबूबाईनं विहिरीच्या कडेला कांद्याचं रोप टाकलंय. अब्बा दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन थंडीत करू म्हणतात. कमळ काही नाही, पण बगळे आलेत.

१८ ऑक्टोबर, सोमवार

देवळालीहून त्यांच्या आई मागणी घालायला आल्या होत्या, मुबारकबी. अब्बांनी आतल्या खोलीत येऊन विचारलं. मी हो म्हटलं. गुरुवारी निकाह. शनिवारी त्यांच्या पलटणीची गाडी सुटणार आहे — कुठं जाणार, ते सांगायला बंदी आहे.